कोळ्ळिडमच्या बांधावरून

मोपेड विकली त्याच आठवड्यात भवानीनं माळ्यावरच्या दोन्ही सायकली खाली काढल्या.

तिच्या नवऱ्याच्या, तुकोजींच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. समोरचं दिसे, बाजूचं गेलं होतं; नळीतून पाहावं तसं. चाळीस वर्षं त्यांनी या तमिळ मुलखात तिरुनीलक्कुडीपासून तिरुप्पनंदाळपर्यंत गावोगाव फिरून शिवणयंत्रं दुरुस्त केली होती. आता बाजूनं येणारी बस अंगावर आल्याशिवाय त्यांना कळत नसे. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि ते महिनाभर ओट्यावर बसून राहिले. जेवायला हाक मारली तर येत, नाहीतर नाही. भवानी शाळेत विज्ञान शिकवायची. संध्याकाळी घरी आलं की तो माणूस सकाळी होता तिथंच ओट्यावर दिसे.

शेवटी तीच म्हणाली, "गाड्या नसतील तेथें सायकल चालवायला डॉक्टर नको म्हणाले नाहीत."

गाड्या नसतील अशा वाटा तुकोजींना तोंडपाठ होत्या. पाटांचे बांध, शेतांमधल्या पायवाटा, नदीकाठच्या गाडवाटा. मग दर रविवारी पहाटे दोघं निघू लागली. पुढं भवानी, अंगात केशरी जाकीट. दहा हात मागं तुकोजी, जाकिटावर नजर ठेवून. आधी अरसलार नदीच्या काठानं तिरुवलंचुळीपर्यंत, मग हळूहळू लांब. अशी दोन वर्षं गेली. तुकोजी पुन्हा बोलू लागले, स्वयंपाकाला नावं ठेवू लागले. भवानीला तेवढं पुरे होतं.

यंदा पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुट्टीत समुद्रापर्यंत जायचं त्यांनी ठरवलं. वाट तुकोजींनीच आखली. तिरुप्पनंदाळवरून अणैक्करैला जायचं, तिथून कालव्याच्या काठानं वीराणम तळ्याला, आणि दुसऱ्या दिवशी कोळ्ळिडम नदीच्या उत्तर बांधावरून थेट मुखापर्यंत. मुलगी जयश्री चेन्नैहून फोनवर म्हणाली, "अम्मा, बसनं जा की." भवानीनं हो हो म्हणून फोन ठेवला.

निघण्याआधी सायकली मणीच्या दुकानात दाखवल्या. भवानीच्या मागच्या चाकावरचं मडगार्ड सैल होऊन खडखडत होतं. मणीनं पाना उचलला तर तुकोजी म्हणाले, "तें राहूं दे. वाजतं तर वाजूं दे." भवानीला वाटलं, पैसे वाचवतायत.

पहिला दिवस सुखाचा गेला. भात पिकून पिवळं झालं होतं, कुठं कापणीची यंत्रं चालू होती, कुठं बायका बांधावरच धान वाळत घालून बसल्या होत्या. धानावरून चाक जाऊ नये म्हणून त्या हात करत आणि दोघं उतरून कडेनं चालत. कालव्याच्या काठानं दोन तासांत त्यांना एक ट्रॅक्टर आणि तीन सायकली भेटल्या, बाकी कोणी नाही. संध्याकाळी काट्टुमन्नारकोविलला एका लॉजमध्ये त्यांनी मुक्काम केला.

सकाळी दोघं तळ्यावर गेली तेव्हा धुकं नुकतंच विरत होतं. दूरवर पाणी, पाण्यात बुडालेल्या बाभळी आणि त्यांच्यावर दाटीनं बसलेले पाणपक्षी. शेकड्यांनी असतील. भवानी बराच वेळ पाहत उभी राहिली. तुकोजीही त्याच दिशेला तोंड करून उभे होते.

"बहुत आहेत," ते म्हणाले.

"बहुत," ती म्हणाली.

ऊन चढल्यावर तिनं जाकीट काढून पिशवीत कोंबलं. आत हिरवट रंगाचा सलवार-कमीज होता. मग दोघं कोळ्ळिडमच्या बांधाला लागली. एका हाताला नदीची वाळू, दुसऱ्या हाताला शेतं, वर एक मातीची सरळ वाट. वीसेक किलोमीटर गेल्यावर चिंचेखाली ती थांबली. तुकोजी बरोबर तिच्यामागं येऊन थांबले. तिनं लिंबू-मिठाचं पाणी पुढं केलं.

पाणी पिऊन ते म्हणाले, "जाकीट बरं आहे गं तुझं. उन्हात अगदी ठळक दिसतं."

भवानीनं स्वतःच्या अंगाकडं पाहिलं, मग पिशवीकडं.

"मी तळ्यावरच जाकीट काढलं," ती म्हणाली.

तुकोजींनी बाटलीचं झाकण लावलं. सावकाश, आटे नीट बसवत.

"दिसत नाही कधीपासून?" तिनं विचारलं.

"दिवाळीपासून. उजव्या डोळ्यानं थोडा उजेड कळतो. वाटेची पांढरी रेघ कळते. बाकी मडगार्डाच्या आवाजावर येतों."

"आणि पक्षी?"

"ओरडत होते ते ऐकलं."

भवानी चिंचेच्या मुळावर बसली. तिला भयंकर राग आला. दिवाळीपासून म्हणजे अडीच महिने. या माणसाला घेऊन ती कालव्यांच्या कडेनं फिरली, अरुंद पुलांवरून गेली, आणि ह्यानं एक शब्द काढला नाही. डॉक्टरकडं गेल्या वेळी ती बाहेर बसली होती, ह्यानंच तिला बाहेर बसवलं होतं.

"सांगितलं काय म्हणून नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला घेऊन निघाली असतीस?"

नसती निघाली, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्यानं राग कमी होत नव्हता.

"तुम्ही पडला असता तर मी जन्मभर काय केलं असतं, याचा विचार केलात?"

"केला," तुकोजी म्हणाले. "आणि तरी आलों. चूक माझी आहे, भवानी. तू म्हणशील तर येथूनच फिरूं."

नदीच्या वाळूत दोन म्हशी बसल्या होत्या. भवानी त्यांच्याकडं पाहत राहिली. समुद्र वीस किलोमीटरवर होता. मागं फिरायचं तर तेवढंच अंतर आणि शेवटी पुन्हा ओटा. मुलीला फोन केला असता तर तिनं कोणाला तरी गाडी घेऊन पाठवलं असतं, आणि त्या दिवसापासून सायकलचा विषयच संपला असता.

ती उठली. "पुढं जाऊं. पण मी सांगेन तसं. मी थांबा म्हटलं की तुम्ही थांबणार. मी उतरा म्हटलं की उतरणार. खोटं एक अक्षर नको."

"बरं."

मग ती वाट बोलून दाखवत चालली. डावीकडं खड्डा. पुढं वाळू आहे, हळू. शेळ्या आहेत, घंटी वाजवा. आता सरळ, बराच वेळ सरळ. मागून तुकोजी दर वेळी "हां" म्हणत. "हां" आलं नाही की ती मान वळवायची. घसा सुकून गेला. तिला वाटलं, वर्गात दिवसभर ओरडण्यापेक्षा हे जड आहे. हमरस्ता आडवा आला तिथं दोघं उतरली, आणि तिनं त्यांचा हात धरून, एका वेळी एक सायकल ढकलत, रस्ता ओलांडला.

एका ठिकाणी बांधाची कड ढासळली होती. ती "उतरा" म्हणाली, पण म्हणायला उशीर झाला. तुकोजी सायकलसकट उतारावरून घसरत गेले आणि खालच्या भाताच्या चिखलात बसले. भवानी धावत खाली गेली. शेतात गवत कापणारी एक बाई विळा टाकून आली. दोघींनी मिळून त्यांना वर काढलं. कोपर सोललं होतं, बाकी काही नव्हतं. त्या बाईनं आपल्या घागरीतलं पाणी जखमेवर ओतलं आणि तमिळमध्ये विचारलं, "काका, दिसत नाही का?"

"नाही, ताई," तुकोजी म्हणाले. "दिसत नाही."

परक्या माणसासमोर त्यांनी हे पहिल्यांदाच म्हटलं होतं. भवानीनं ते ऐकलं आणि चिखल पुसत राहिली.

उरलेलं अंतर त्यांनी बहुतेक चालूनच काढलं. साडेचारच्या सुमाराला बांध संपला. कोळ्यांचं लहानसं गाव, वाळत टाकलेली जाळी, आणि पलीकडं समुद्र. तुकोजी चपला काढून पाण्यात गेले, घोट्यापर्यंत. लाट आली की मागं सरत, गेली की पुन्हा पुढं. भवानी सायकलींपाशी बसून राहिली. तिचा राग अजून गेला नव्हता, पण तिथं बसायला बरं वाटत होतं. परतताना मासळीच्या टेंपोवाल्यानं दोघांना आणि सायकलींना चिदंबरमच्या स्टेशनापर्यंत सोडलं.

पुढच्या आठवड्यात ती डॉक्टरांच्या खोलीत आत गेली आणि सगळं स्वतः ऐकून आली. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेला उजेड औषधानं टिकला तर टिकेल. जयश्रीला तिनं फोनवर सगळं सांगितलं, चिखलासकट. जयश्री रडली, मग रागावली, मग तिनं विचारलं की आता अप्पा काय करणार.

भवानी मणीकडं गेली. दोन सायकलींच्या चौकटी जोडून एक लांब सायकल करता येईल का, असं तिनं विचारलं. मणीनं डोकं खाजवलं, खडूनं फरशीवर आकृती काढली, आणि दोन आठवड्यांचा वायदा केला. तुकोजींनी नाही म्हणून पाहिलं. बायकोच्या मागं बसून गावातून जायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असं ते चार दिवस बोलत राहिले. पाचव्या दिवशी ते स्वतःच मणीच्या दुकानात जाऊन बसले आणि चौकटीच्या जोडावर बोटं फिरवून म्हणाले, "हा जोड कच्चा आहे. परत वेल्डिंग कर."

मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीत, ती लांब सायकल घेऊन दोघं पहिल्यांदा तिरुनीलक्कुडीला गेली. पहिल्या पाटापर्यंत सायकल तीन वेळा डगमगली. तुकोजींचं म्हणणं होतं की पुढचा माणूस पाय मारत नाही, सगळी ओढ मागच्यालाच. भवानी म्हणाली, तोंड बंद ठेवा आणि वळण येतंय, डावीकडं झुका. ते झुकले.