दहा ट्रे आणि एक समीकरण

मित्रांनो, मी एक जुना ड्रायर आहे. केस वाळवणारा नव्हे. चांगला कपाटाएवढा उंच, पत्र्याचा, बियाणे वाळवणारा. माझ्या तळाशी तापणारी कॉइल आणि पंखा आहे, त्यांच्या वर एकावर एक असे जाळीचे दहा ट्रे. गरम हवा खालून शिरते, ट्रेंमधून वर चढते आणि माथ्यावरच्या नळीतून बाहेर पडते. मला घडवताना वेल्डरने दाराला भरपूर शिव्या घातल्या होत्या, कारण ते काही केल्या नीट बसेना.

बियाणे संशोधन केंद्राच्या मागच्या खोलीत माझी बावीस वर्षे गेली. मला चालवायचे मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. माझा पंखा जरा कुरकुरला की ते हातातले काम टाकून यायचे.

मग मॅडम आल्या. त्यांना माझ्या कामाचे गणित मांडायचे होते. ओले बी सुरुवातीला भराभर पाणी सोडते, मग हात आखडता घेते. ही घट एका समीकरणात बसवली, की सारखे दार उघडून पाहायला नको. किती तास लागतील ते आधीच कळेल. त्यासाठी मामा दर तासाला दहाही ट्रे बाहेर काढून तोलायचे आणि वजनांचा कागद शेजारच्या खोलीत मॅडमना नेऊन द्यायचे. वर्षभर आम्ही तिघे राबलो. शेवटी मामांच्या वजनांचे ठिपके मॅडमच्या रेषेला असे काही चिकटले की पाहुणे टाळ्या वाजवून गेले. कौतुक सगळे संगणकाच्या पडद्याचे झाले. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले.

त्यानंतर एका जुन्या वाणाच्या मक्याचे बियाणे आले. दहा ट्रे भरतील एवढेच, आणि दुसरीकडे कुठेही शिल्लक नाही. ते ओले राहिले तर साठवणीच्या डब्यात बुरशी धरणार आणि तो मका कायमचा संपणार. नेमके तेव्हाच मामा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते.

"समीकरण आहे ना," मॅडम म्हणाल्या. "चाळीस अंश, नऊ तास."

सकाळी आठला त्यांनी मला सुरू केले आणि दार एकदाही उघडले नाही. मला मात्र सगळे कळत होते. तळचे ट्रे दुपारीच खडखडीत झाले, आणि वरच्या ट्रेंना खालच्यांची ओल चढत राहिली. माझा जीव कासावीस झाला. पण कुरकुरण्यापलीकडे मला येते काय? आणि माझी कुरकुर ओळखणारा माणूस घरी पाय लांब करून पडला होता.

पाच वाजता मॅडमनी मधल्या ट्रेमधले मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मीटरमध्ये टाकले. समीकरणातलाच आकडा आला. त्या खूश होऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी डबे भरायला काढले होते, तेवढ्यात काठी टेकत मामा आले. घरी करमत नव्हते म्हणे. सवयीने त्यांनी सगळ्यात वरच्या ट्रेमधला दाणा दाढेखाली धरला. तो फुटला नाही, नुसता दबला.

"मॅडम, हा ओला आहे."

"असं कसं? मीटरवर बघितलंय मी. मधल्या ट्रेमधले दाणे घेतले होते."

मामांनी तळचा दाणा चावला. तो काडकन वाजला. "ट्रे फिरवले नाहीत का?"

"फिरवले म्हणजे?"

"अहो, तोलून झालं की परत ठेवताना खालचे वर, वरचे खाली. दर तासाला. नाहीतर सगळे सारखे वाळतील कसे?"

मॅडमनी हातातला डबा खाली ठेवला. "मामा, वर्षभर हे करत होता, आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यात काय सांगायचं? तुम्ही वजनं मागितलीत, मी वजनं दिली."

मॅडमनी मामांवर खापर फोडले नाही. डबे बाजूला सारले. ओले ट्रे पुन्हा माझ्यात गेले. मामा स्टुलावर बसून हुकूम सोडत होते आणि मॅडम घामाघूम होऊन ट्रे खालीवर करत होत्या. आठवड्याने ओल्या कागदावर प्रत्येक ट्रेचे शंभर दाणे रुजवून पाहिले. सगळ्यात तळच्या ट्रेचे दाणे तडकले होते, त्यांतले एकसष्टच उगवले. बाकी सगळीकडे नव्वदच्या वर. मका वाचला.

मित्रांनो, माझ्या पंख्याला वेळेवर तेल द्या, जाळ्या घासा, एवढे तर मी मागणारच. पण एखादा आकडा सुरेख जुळला, तर तो ज्याच्या हातून आला त्याच्याजवळ दिवसभर उभे राहा. तो काय काय करतो ते पाहा.

मॅडम आता वही घेऊन मामांच्या शेजारी उभ्या असतात. परवा एक ट्रे आत सारताना मामांनी तो किंचित तिरका केला.

"हे कशासाठी?" मॅडमनी विचारले.

मामांनी ट्रे सरळ केला, पुन्हा तिरका केला. "खरं सांगू? मलाही माहीत नाही."

मग दोघेही वाकून माझ्या आत पाहू लागले. बावीस वर्षांत इतका वेळ कुणी पाहिले नव्हते.