बी विंगची वाकळ

"मोबाईलवर मागू नको. दारात जाऊन माग. न्हाईतर लोक नवं देत्याल," असं गिरजाआत्या म्हणाल्या होत्या. मी हसले होते. देईनात का नवं!

गिरजाआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सिद्धेशच्या, आत्या. काळेवाडीत राहतात आणि जुन्या कपड्यांच्या वाकळा शिवतात. तुम्ही गोधडी म्हणत असाल. मी मानववंशशास्त्रात एम. ए. करतेय. शेवटच्या वर्षी एखादी वस्तू नुसती अभ्यासून भागत नाही, ती स्वतः करायची असते, आणि करताना काय उमगलं ते परीक्षकांपुढे मांडायचं असतं. बाळंतपणात माझं एक वर्ष आधीच गेलेलं. हेही गेलं तर लेकीला कडेवर घेऊन पुन्हा पुस्तकं उघडीन, याची मला काडीचीही खात्री नव्हती.

विषय मात्र माझा लाडका होता. जन्मलेल्या बाळाला आधी जुनं कापड लागतं, दुसऱ्याच्या अंगावर झिजून मऊ झालेलं. माझ्या आईच्या चाळीत ते आपसूक यायचं. पुण्याजवळच्या पुनावळ्यातल्या आमच्या टॉवरमध्ये येईल का? बी विंगच्या प्रत्येक दारातून वापरलेल्या कापडाचा एक तुकडा, आणि सगळ्यांची मिळून एक वाकळ. एकही दार वगळणार नाही, असं मी प्रस्तावात ठासून लिहिलं होतं.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि संध्याकाळपर्यंत दारात ढीग लागला. किमतीची चिठ्ठीही न काढलेला ड्रेसपीस, लग्नात आहेर आलेले टॉवेल, घडी न मोडलेली चादर. लिफ्टमध्ये टॉवेल देणाऱ्या कुसुमताई भेटल्या.

"कुसुमताई, मी जुनं मागितलं होतं."

"अगं, शिकलेल्या बाईला फाटकं कसं द्यायचं? आम्हाला काही लाज?"

मी आत्यांना फोन लावला. "आता काय करू?"

"आता? दुकान टाक," त्या म्हणाल्या आणि पोटभर हसल्या.

मग दारोदार गेले. पण आत्यांची उघड्या दारांची काळेवाडी वेगळी आणि आमचा टॉवर वेगळा. जाळीच्या दाराआडून निम्म्यांनी "काही घ्यायचं नाही" म्हणत मला विक्रेतीच ठरवलं. लेक कडेवर होती, तरीही! तेव्हा मी उलटा विचार केला. दारं उघडत नसतील, तर सगळे जिथून जातात तिथे बसावं. खालच्या लॉबीत, लिफ्टसमोर, माझी जुनी साडी अंथरली, लेकीला तिच्यावर सोडलं आणि टाके घालायला लागले. आत्या बस पकडून आल्या. चेअरमन उद्धवराव, म्हणजे कुसुमताईंचे यजमान, तावातावाने खाली उतरले.

"मॅडम, हा कॉमन एरिया आहे. परवानगी लागते."

"मंग द्या की," आत्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "तुमीच चेअरमन न्हवं?"

उद्धवराव आल्या पावली वर गेले. दुसऱ्या दिवशी खाकी शर्ट घेऊन आले, कंपनीत लागले तेव्हाचा पहिला युनिफॉर्म. "बटण लागत नाही आता," ते पुटपुटले.

"शर्टाचा दोष नाही तो," मागून कुसुमताई. "मला इतकी वर्षं हात लावू दिला नाही. मिनल, लगेच कातर चालव, नाहीतर परत नेतील!"

तिथून ओघ लागला. चाकणच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटून आलेली माणसं बूट काढून कडेकडेने जायची आणि जाताना विचारायची, "आमचा कुठला?" कुणाचा शाळेचा फ्रॉक, कुणाच्या सासऱ्यांचं धोतर. एरवी लिफ्टमध्ये मोबाईलमध्ये डोकं घालणाऱ्या बायका मांडी घालून टाके मारायला लागल्या.

आत्यांची वाकळ कडेपासून आत शिवत येते, चौकोनात चौकोन. मधला तुकडा शेवटी. तो तुकडाच राहिला होता, कारण एक दार राहिलं होतं. माझ्याच समोरचं.

तिथे श्रद्धा राहायची. बाळ नुकतं झालेलं, नवरा सतत ओव्हरटाइमला. मला कशाचीही धास्ती लागते, म्हणून असेल, पण मी त्या दाराचा आवाज ऐकत असायचे. आधी बाळ रडायचं. ते गप्प झालं की ती रडायची. बेल वाजवली की जाळीतून एकच उत्तर: "ताई, आमच्याकडे जुनं काही नाही."

परीक्षा उद्यावर आली. कुसुमताई म्हणाल्या, "माझ्या साडीचा आणखी एक तुकडा लाव नि मोकळी हो."

सिद्धेशही म्हणाला, "मिनल, परीक्षकांना काय कळणार कुठल्या दारातला आहे?"

"मला कळेल ना."

संध्याकाळी मी पुन्हा बेल वाजवली. जाळीआड तीच सुरुवात झाली, "ताई, जुनं..."

"कापड राहू दे गं. तू जेवलीस का?"

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग कडी काढली. मी वरणभात घेऊन आले, ती जेवेपर्यंत बाळ माझ्या खांद्यावर होतं. वाकळीचा विषय मी काढला नाही.

सकाळी परीक्षक मॅडम लॉबीतच आल्या. वाकळीभोवती एक फेरी मारून मध्यावर थांबल्या. तिथून माझ्या साडीचा तळ दिसत होता. "हे अपुरं का?"

"एक दार राहिलंय, मॅडम." मी मधल्या मोकळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "दुसऱ्याचा तुकडा लावता आला असता. मी लावला नाही."

त्या काही बोलणार तेवढ्यात लिफ्ट उघडली. श्रद्धा. केस विस्कटलेले, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात विटलेली हिरवी सुती साडी.

"आईची आहे," ती म्हणाली. "माझ्या बाळंतपणाला येणार होती. त्याआधीच गेली. कापवत नव्हती मला."

"कापू नगंस," आत्या म्हणाल्या. "दाताने जरा तोड आणि दोघी मिळून फाड. सुतासुताने सरळ येती."

पण बाळाला कुणाकडे द्यायचं? मॅडमनी हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि हात पुढे केले. आम्ही दोघींनी साडी धरली, ओढली, आणि तो फर्रर्र आवाज पार जिन्यापर्यंत गेला. श्रद्धाने तुकडा मध्यावर ठेवला आणि टाके तिनेच घातले, वेडेवाकडे, नाक ओढत. एकाही बाईने मधे बोट घातलं नाही.

शेवटची गाठ बसली तसे उद्धवराव पुढे झाले. "मॅडम, आमचा निकाल?"

आमचा! मी तोंडावर पदर धरला.

मॅडमच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. "पहिला वर्ग," त्या हळूच म्हणाल्या, "पण ओरडू नका." कोण ऐकतंय? वॉचमनने शिट्टी फुंकली, कुसुमताईंनी आत्यांना मिठी मारली, बाळ दचकून जागं झालं आणि आजीच्या हिरव्या तुकड्यावर ठेवताच पुन्हा निजलं.

वाकळ आता समोरच्या दाराआड, श्रद्धाच्या बाळाच्या अंगावर आहे. ते दार दुपारी उघडं असतं.

तुमच्याही मजल्यावर एक बंद दार असेल. आत बाळ असेल, किंवा नसेलही. आज बेल वाजवा. काही मागू नका. जेवलीस का, एवढं विचारा, आणि कडी निघेपर्यंत तिथेच थांबा.