काटा हलून राहिला

"खुदाचा इन्साफ अन् या जिलानीचा लेथ, दोन्हीत केसाइतका फरक निघायचा न्हाई, बेटा. माझ्या आजोबानं निजामाच्या शिकाऱ्यांच्या बंदुका याच हातानं दुरुस्त केल्या."

आजोबाचे हात जिलानीचाचाला कसे काय मिळाले, ते धम्मप्रियाने विचारलं नाही. तिला वेळ नव्हता. आज बुधवार, रविवारी पुण्यात राज्याच्या नेमबाजी संघाची निवड. लातूरहून पहाटेची एसटी धरून ती नांदेडला चाचाच्या लेथच्या कारखान्यात आली होती, मांडीवर गोधडीत गुंडाळलेली रायफलची नवी नळी आणि कागदांची फाईल घेऊन. ही नळी यायला चौदा महिने आणि एकवीस शिक्के लागले होते. दुसरी मागवायची तर निवड पुढच्या ऑलिम्पिकपर्यंत थांबणार नव्हती.

काम एकच होतं. नळीच्या मागच्या टोकात काडतूस बसायची जागा, म्हणजे चेंबर, कापायचं. दोन्ही टोकं दिसायला सारखीच, पण गोळी बाहेर पडते त्या तोंडाकडचं भोक डोळ्याला कळणार नाही इतकं अरुंद. तिथे चेंबर कापलं की नळी भंगारात. म्हणून तिने मागच्या टोकाला आपली लाल टिकली चिकटवली होती.

"टिकली बाहेर दिसली पायजे, चाचा."

"दिसून राहिली ना. मला शिकवते व्हय?"

चाचाने नळी लेथच्या चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, धरली. चार जबडे पिळत पिळत नळी बरोबर मध्यावर आणायची, आणि आली का नाही ते डायलचा काटा सांगणार. चाचाने एक जबडा कसला, दुसरा सैल केला. काटा हलला. पुन्हा कसला. काटा पुन्हा हलला. तासाभराने काटा कथ्थक करत होता आणि चाचाच्या कपाळावरून घाम डायलवर टपकत होता.

"तुझी नळीच वाकडी हाय."

"नळी जर्मनीची हाय."

"मंग जर्मन वाकडे."

धम्मप्रियाने पायाने फरशीवर ठोका धरला. चाचाने तिच्याकडे पाहिलं. "पाय हलवू नको. त्यानं काटा हलून राहिला."

ती रागाने बाहेर जाऊन उभी राहिली. काटा हलतच होता. चाचाने देगलूर नाक्यावरून जाणाऱ्या ट्रकांना शिव्या दिल्या, मग फरशी बसवणाऱ्या गवंड्याला, मग गवंड्याच्या बापाला. धम्मप्रिया आत आली, चकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चाचा, लेथ बंद हाय. चक फिरतच न्हाई. मंग काटा कशानं हलून राहिला?"

तेवढ्यात शेजारच्या गिरणीचा पट्टा निसटला. गिरणी थांबली. काटा मेल्यासारखा उभा राहिला. पट्टा चढला, गिरणी सुरू झाली, काटा पुन्हा नाचायला लागला.

धम्मप्रिया तडक गिरणीत. बाहेर बायकांची तिखट कांडायची रांग, आत ज्ञानोबा, भुवयांवर पीठ.

"दहा मिनिटं बंद करा, मामा."

"रांग बघितली का? बंद केली तर या बायका मलाच कांडतील." ज्ञानोबा शिंकला. "अन् तुमच्या चाचाला म्हणावं, आधी माझी गिरणी का नाचते ते सांग. मागल्या दिवाळीला जातं फिरवायचा शाफ्ट त्यानंच खरादून दिला. तवाबी म्हणला, खुदाचा इन्साफ अन् माझा लेथ. तवापासून माझं जातं उड्या मारून राहिलं, दळण जाडं यिऊन राहिलं."

धम्मप्रिया परत आली. तिच्या डोळ्यांत तिखट गेलं होतं, त्यामुळे रडते आहे की चिडली आहे हे चाचाला कळेना. दोन्ही होतं.

"चाचा, आधी मामाचा शाफ्ट."

"त्या शाफ्टात काय खराबी न्हाई."

"तुमच्याच वाकड्या कामानं तुमचंच काम अडलंय. माझा रविवार त्यात काहून मारता?"

चाचाने चकाची चावी खाली ठेवली. आजोबाचे हातही तिच्यासोबत खाली आले. रांगेतल्या बायकांनी शिव्यांचा वाटा उचलला आणि ज्ञानोबाने शाफ्ट उपसून आणला. नळी चकातून काढून गोधडीत ठेवली. धम्मप्रिया कमरेवर हात देऊन समोर उभी, त्यामुळे चाचाने तीन तास आयुष्यात पहिल्यांदा नीट काम केलं. शाफ्ट बसला. ज्ञानोबाने चालत्या गिरणीवर पाण्याचा पेला ठेवला. पाण्यावर लहर नाही.

"वा, जिलानीभाई. आता पोरीचं बघू." खूश झालेल्या ज्ञानोबाने स्वतः गोधडी उलगडली, पिठाच्या हाताने नळी उचलली आणि लेथच्या पोकळ पोटातून चकात सारून दिली. जवळजवळ सगळी नळी आत, दोन बोटं बाहेर.

"लवकर, चाचा. साडेपाचची एसटी हाय," धम्मप्रिया म्हणाली. ती बादलीपाशी आता कुठे तिखटाचे डोळे धूत होती.

चाचाने जबडे कसले. काटा हलला नाही. पुन्हा चक फिरवून पाहिला. हलला नाही.

"बघ. केसाचा फरक न्हाई."

चेंबर आरशासारखं कापलं गेलं. चाचाने जबडे सोडले आणि नळी बाहेर ओढली.

टिकली दुसऱ्या टोकाला होती.