तुमची स्क्रीन तपासून घ्या

धाकट्याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: रंग दिसणारी आणि आपल्याला रंग दिसतो असं समजणारी. पहिल्या प्रकारात तो स्वतः होता. आणखी कुणी असलंच, तर ते अजून त्याच्या भेटीला आलेलं नव्हतं.

एका छापखान्याच्या डोक्यावर त्यांचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. बाहेरच्या खोलीत थोरला भाऊ एडिटिंग करी आणि वहिनी अ‍ॅनिमेशन करी. आतली खोली धाकट्याची, कारण रंगाचं शेवटचं काम त्याचं. ती खोली त्यानं राखाडी रंगवून घेतली होती, तीही तीनदा. पहिल्या दोन राखाड्यांत त्याला निळा दिसला होता. ‘साहेब, भिंतच आहे ना ही?’ असं रंगारी कळवळून म्हणाला, तेव्हा धाकट्यानं त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यावं अशी माणसं फार थोडी असतात. खिडकीला काळा पडदा होता. लाल शर्ट घालून कुणी आलं, तर तो त्याला उंबऱ्यावरच थोपवी. शर्टाची लाली स्क्रीनवर पडते. थोरला त्याला ‘तज्ज्ञ’ म्हणायचा. त्यातली चेष्टा धाकट्याला कळत होती, पण शब्द खोटा नव्हता, म्हणून तो गप्प बसे.

आतल्या दारावर त्यानं एक कागद चिकटवला होता. त्यावर रंगाचे पाच नियम होते. पहिला: आधी आपली स्क्रीन तपासा, मग मत द्या. दुसरा: एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाईल नेताना तिची कलर स्पेस लिहून द्या. नियम चुकीचे नव्हते. अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर रंग एका मापानं मोजतं, एडिटिंगचं दुसऱ्या. फाईलवर माप लिहिलेलं नसेल तर दुसरं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजात रंग एक तर विटतो, नाही तर भडकतो. थोरला लिहायला हमखास विसरे. वहिनी आजवर एकदाही विसरली नव्हती. धाकट्याच्या लेखी विसरणं हे मूर्खपणाचं लक्षण होतं, आणि न विसरणं हे कारकुनीचं.

आठ महिन्यांपूर्वी त्यानं नवी, महाग स्क्रीन घेतली. दर एक तारखेला तो खणातून रंगमापक काढी. डबीएवढं ते यंत्र वायरीनं स्क्रीनवर लोंबकळत सोडलं की ते एकामागून एक रंग मोजत जाई आणि स्क्रीन सुधारून देई. हे सगळं तो दार लावून करायचा, सोवळ्यात असल्यासारखा.

या आठ महिन्यांत सहा कामं त्या खोलीतून बाहेर गेली. त्यांतल्या एका माहितीपटाच्या बाईंनी नम्रपणे लिहिलं होतं, ‘आमच्याकडे चेहरे जरा कावीळ झाल्यासारखे दिसतात, असं का होत असेल?’ धाकट्यानं एका ओळीत उत्तर दिलं: ‘तुमची स्क्रीन तपासून घ्या.’ ती ओळ त्याला इतकी आवडली की पुढे दोघांना त्यानं तीच पाठवली.

आता सातवं काम चालू होतं, आणि ते घरचं होतं. आईवरचा बारा मिनिटांचा लघुपट.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात थोरल्यानं तिचं थोडं चित्रण करून ठेवलं होतं: खुर्चीत बसून ती स्वेटर विणते आहे, मधेच टाके मोजते आहे, मोजताना ओठ हलताहेत. जे कुणी कधी टिपलं नव्हतं, तिचं तरुणपण, ते वहिनीनं चित्रांतून उभं केलं. पाच महिने खपून अकरा शॉट. चित्रातल्या तरुण आईच्या हातातला स्वेटर पुढच्याच क्षणी खऱ्या, म्हाताऱ्या हातांत दिसायचा. लोकर तीच, वर्षं मात्र चाळीस सरलेली. स्वेटर पारवा होता. राखाडी म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर जांभळाची पुसट झाक असलेला. तो रंग जुळला नाही तर आईच तुटणार होती.

आणि तो जुळत नव्हता.

“अकरा शॉट काढून टाक,” शुक्रवारी दुपारी धाकटा थोरल्याला म्हणाला. “त्या जागी आईचे जुने फोटो लाव.” लघुपट त्याच संध्याकाळी पाचाच्या आत एका महोत्सवाच्या निवड समितीकडे पाठवायचा होता.

“काढून टाक? पाच महिने घातलेत तिनं.”

“पाच महिने घातले म्हणून गुलाबी पारवा होत नाही, दादा.”

वहिनी आपल्या टेबलाशी बसूनच म्हणाली, “गुलाबी कुठे आहे, भाऊजी? चित्रणाच्या सुरुवातीला रंगांचं कार्ड धरलं होतं, त्यावरून आकडे घेतलेत मी. स्वेटर आकड्याला आकडा तोच आहे. तुम्ही चित्रणावर रंगदुरुस्तीचा जो लेयर चढवलाय, त्यात मात्र हिरवा जास्त आहे. त्याच कार्डाचा राखाडी चौकोन बघा, हिरवा सहानं वर गेलाय.”

“आकडे हिशेबनिसांसाठी असतात, वहिनी. रंग डोळ्यांनी बघायचा असतो.”

“फोनवर पण हिचंच बरं दिसतं रे,” थोरला चाचरत म्हणाला. “तू रंगवलेली आई जरा शेवाळल्यासारखी वाटते.”

धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं. फोनवर रंग पाहणाऱ्या माणसाकडे पाहावं तसंच पाहिलं. याच माणसानं आपल्याला सायकल शिकवली, हे त्या क्षणी त्याला खरं वाटेना. “फोन खोटा आहे. तुझा टीव्ही खोटा आहे. घराघरांतल्या सगळ्या स्क्रीन खोट्या आहेत. म्हणून तर माझ्यासारखा माणूस लागतो.”

“तज्ज्ञ,” थोरला पुटपुटला.

“हो. तज्ज्ञ.”

एवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज झाला आणि बाबा आले. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. दुसऱ्याचा अजून बाकी होता. डोळ्यांवर काळा चष्मा आणि बगलेत कागदी पिशवी. वहिनीनं सकाळी फोन करून मागवलेला स्वेटर तीत होता.

“कपाटात खालच्या फळीवर होता,” बाबा म्हणाले. “बाहेर काढला आणि बसूनच राहिलो थोडा वेळ. म्हणून उशीर.”

धाकट्यानं दोन वर्षांत तो स्वेटर पाहिला नव्हता. लागलाच नव्हता पाहायला. त्याच्या आठवणीत तो होता आणि त्याची आठवण सहसा चुकत नसे. त्यानं पिशवी घेतली, सगळ्यांना आत बोलावलं आणि स्वेटर आपल्या स्क्रीनला टेकवला. चित्रणातली आई: रंग तंतोतंत. वहिनीच्या चित्रातली आई: उघड उघड गुलाबी.

“घ्या,” तो म्हणाला. या एका शब्दात त्यानं पाच महिने निकालात काढले.

 वहिनीनं स्वेटर त्याच्या हातातून हळूच काढून घेतला, बाहेर गेली आणि आपल्या स्क्रीनला लावला. सगळे तिच्यामागे. तिथे तिची चित्रं तंतोतंत होती आणि धाकट्याची आई शेवाळलेली.

“झालं! स्वेटर एक, स्क्रीन दोन,” थोरला म्हणाला. “आता कुणाचं धरायचं?”

“विचारतोस काय? तिची स्क्रीन दुकानातून आणून ठेवलेली. माझी मोजलेली. दर महिन्याला.”

बाबा मात्र आतल्या खोलीत मागेच राहिले होते. अंधारात काळा चष्मा काढून ते स्क्रीनवरच कडेला उघड्या असलेल्या, सॉफ्टवेअरच्या एका कोऱ्या खिडकीकडे पाहत होते. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

“ही गुलाबी कशाला ठेवलीस रे?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“कोणती?”

“ही कोरी. पांढरी असायला हवी ना?”

“पांढरीच आहे, बाबा.”

“नव्या डोळ्याला गुलाबी दिसतेय.”

“आणि जुन्याला?” थोरल्यानं हसू दाबत विचारलं.

“जुन्याचं काय विचारतोस? त्याला सगळंच चहासारखं दिसतं.”

“बाबा, तुमचा तो डोळा दहा दिवसांचा आहे,” धाकटा शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाला. आणि त्याचा सौम्यपणा तिरस्काराहून जास्त बोचे.

“म्हणून तर म्हणतोय. त्याला अजून कसली सवय लागलेली नाही.”

वहिनीनं प्रिंटरमधला एक कागद आणला, खिडकीवरचा काळा पडदा थोडा सरकवला आणि तो कागद दुपारच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरला. “मलाही दिसतंय, भाऊजी. थोडंच आहे. पण आहे.”

धाकट्यानं हात टेकले. एका बाजूला अर्धा आंधळा म्हातारा, दुसऱ्या बाजूला आकडे मोजणारी बाई, आणि मधे फोनवाला. त्यानं पडदा ओढून घेतला, खण उघडला आणि रंगमापक बाहेर काढला. “आता यंत्रच सांगेल. वीस मिनिटं लागतील. तोवर चहा घेऊन या सगळे. आणि येताना एक माफी तयार ठेवा.”

ते गेले. दार लागलं. त्यानं मापक स्क्रीनवर सोडला आणि सॉफ्टवेअर चालू केलं. पहिल्याच चौकटीत सॉफ्टवेअर नेहमी एक प्रश्न विचारी: स्क्रीन कोणत्या जातीची आहे? यंत्राला ते आधी सांगावं लागतं, कारण वेगवेगळ्या जातींचा उजेड ते वेगवेगळ्या हिशेबानं वाचतं. गेल्या खेपेचं उत्तर तिथे भरलेलंच असे, आणि धाकटा न वाचता पुढे जाई. आजही त्याचं बोट पुढे जायलाच निघालं होतं.

पण आज त्याला पुरावा हवा होता, म्हणून त्यानं वाचलं.

उत्तर जुन्या स्क्रीनचं होतं. आठ महिन्यांपूर्वी भंगारात गेलेल्या स्क्रीनचं.

 ओळ साधी होती, काळ्या अक्षरांतली. तिच्यात कसला रंग नव्हता. आठ वेळा, आठ एक तारखांना, दार लावून, श्वास रोखून, त्यानं नव्या स्क्रीनवर जुन्या स्क्रीनची दुरुस्ती केली होती. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांनी त्या गुलाबी उजेडालाच पांढरं मानलं होतं. पण आठवणीतल्या रंगाशी ताडताना जे जे गुलाबी वाटलं, त्यात त्यानं हिरवा ओतला होता. चेहऱ्यांत. भिंतींत. आईत.

त्यानं जात बदलली. मापक एकेक रंग मोजत गेला. वीस मिनिटांनी कोरी खिडकी पांढरी झाली. इतकी साधी पांढरी, की त्याला ती आधी निळी वाटली. मग त्यानं चित्रण उघडलं. आई शेवाळलेली होती. ओठ हलवत टाके मोजत होती आणि शेवाळलेली होती.

त्यानं आपला लेयर बंद केला. आई पारवी झाली. लगेच वहिनीचा शॉट आला आणि तरुण हातांतून म्हाताऱ्या हातांत लोकर कुठेही न तुटता गेली.

जिन्यावर पावलं वाजली.

“काय म्हणतं यंत्र?” थोरल्यानं दारातूनच विचारलं. मग त्यानं स्क्रीन पाहिली आणि त्याचा आवाज खाली आला. “अरे... जुळलं की! काय केलंस?”

“जुळवलं,” धाकटा म्हणाला.

तोंडातून तेवढंच आलं, आणि अगदी सहज आलं. थोरल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. “बघ, म्हणून तुला तज्ज्ञ म्हणतो. उगाच नाही!” पहिल्यांदाच त्या शब्दात चेष्टा नव्हती. बाबांनी एकदा नव्या डोळ्यानं पाहिलं, मग दोन्हींनी, आणि स्वेटर मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. अकरा शॉट राहिले. कुणाला काही विचारायचं उरलं नव्हतं.

थोरला पाठवायची तयारी करायला बाहेर गेला. वहिनी मात्र वाकून टाइमलाइन पाहत होती.

“भाऊजी,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुमचा लेयर बंद राहिलाय. चुकून?”

त्या ‘चुकून’मध्ये तिनं त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं की ते त्याच्या तोंडावर आपटलं होतं, हे त्याला कळेना. आयुष्यभर इतरांच्या डोळ्यांत काय दिसत नाही तेच तो पाहत आला होता. काय दिसतं ते वाचायची सवय नव्हती.

“चुकून नाही,” तो म्हणाला. “माझी स्क्रीन चुकीची होती. आठ महिने. तुमचे आकडे बरोबर होते.”

वहिनीनं मान हलवली. जिंकल्यासारखी नाही, तिला हे फार आधीपासून ठाऊक होतं आणि आता फक्त कंटाळा आला होता, तशी. “तुमच्या दादांना तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “मी सांगितलं तर चहाडी होईल.”

त्यानं सांगितलं. थोरला आधी पोट धरून हसला. “यंत्राला स्क्रीनची जात चुकीची सांगितलीस? तू? आणि दारावर तो कागद—” मग हसता हसता तो थांबला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातलं माणूस निघून गेलं. “आठ महिने म्हणजे... ती बाकीची सहा कामं?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी.”

थोरला खुर्चीत बसला. त्यानं धाकट्याला शिवी दिली नाही, तज्ज्ञही म्हटलं नाही. आजवर धाकट्यानं माणसांकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं, त्याच नजरेनं तो क्षणभर धाकट्याकडे पाहत राहिला. मग त्याला ती जमली नाही आणि त्यानं मान खाली घातली. “आईचं आधी जाऊ दे,” तो म्हणाला. “मग त्यांना लिही. एकेकाला. तूच.”

पाचाला सात मिनिटं कमी असताना लघुपट गेला. धाकट्यानं आतल्या खोलीत जाऊन पडदा पूर्ण उघडला. राखाडी भिंतींवर ऊन पडलं आणि तिसऱ्या राखाडीतही त्याला निळा दिसला. बाबा स्वेटर मांडीवर घेऊन तसेच बसले होते, एक डोळा मिटून.

त्यानं माहितीपटवाल्या बाईंचं जुनं पत्र शोधलं. त्यांच्या प्रश्नाखाली त्याची स्वतःची ओळ होती: ‘तुमची स्क्रीन तपासून घ्या.’ ती पुसता येत नव्हती. त्यानं तिच्याखाली लिहायला सुरुवात केली: ‘आपण विचारलं होतं, असं का होत असेल...’