वीणेचा पहारा आणि कुंकवाची डबी

या, असे जवळ सरकून बसा. टाळ घडीभर मांडीवर ठेवा. आमच्या तांड्यावरच्या सप्ताहाची गोष्ट सांगते. सात दिवस वीणा भुईला टेकली नाही, आणि त्याच दिवसांत एका पोरीच्या जिवावर कसं बेतलं होतं, ती गोष्ट. बाईच्या अंगाची बाब आहे म्हणून कोणी माना खाली घालू नका. जिची गोष्ट आहे त्या बबितानंच मला म्हटलंय, "काकी, सांगा सगळ्यायले. लपवल्यानंच घोळ झाला."

बबिता ही माझ्या शेजारच्या सोनीबाईची सून. वर्षासव्वावर्षाच्या अंतरानं दोन बाळंतपणं झाली, दोन्ही सिझर. दुसऱ्या वेळी दारव्ह्याच्या दीपामॅडमनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, बबलूला, समोर बसवून सांगितलं होतं, "पोटातला टाका कच्चा आहे. एवढ्यात तिसऱ्यांदा दिवस गेले तर टाका उसवू शकतो. मग बाई हाती लागत नाही."

तांबी बसवली तर रक्त इतकं जाऊ लागलं की पोरगी पांढरीफटक पडली. गोळ्या घेतल्या, पण शेतात निंदायला गेली की विसरायची. शेवटी धाकटीचं अंगावरचं दूध सुटल्यावर मॅडमनी दिवस राहू नयेत म्हणून रिंग दिली. मऊ, पातळ, बांगडीहून लहान. दोन बोटांत चिमटायची, आपल्याच हातानं आत सरकवायची. तीन आठवडे आत राहू द्यायची. मग काढायची, एक आठवडा सुट्टी, त्यात पाळी येते. पाळी थांबो न थांबो, आठवडा संपला की नवी घालायची. "तिच्यातून औषध हळूहळू अंगात उतरत असतं," मॅडम म्हणाल्या होत्या. "मधेच काढून ठेवायची नाही."

बबितानं मान डोलावली. घरी सासूला मात्र काही सांगितलं नाही. सोनीबाई सोवळ्याओवळ्याची कडक. तिच्या देव्हाऱ्यापाशी पाय न धुता मांजर गेली तरी ती मांजरीला बोलली असती.

चैत्रात सप्ताह बसला. फुलसावंगीहून धावजी महाराज आले. मंडपात वीणा उभी राहिली. वीणा म्हणजे आमच्यासाठी देवाचा श्वासच. सप्ताहभर ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पायावर डोकं ठेवायचं, पण खाली म्हणून ठेवायची नाही. आमच्याकडे दुपारचा पहारा बायकांचा. त्या वर्षी पहिल्यांदाच बबिताचा नंबर लागला. पोरीला कोण आनंद झाला! आणि बबलूही आला होता. तो तिकडे सोलापूरकडे जेसीबी चालवतो, सप्ताहासाठी सुट्टी काढून आलेला.

आता बघा, भोळं मन कुठं नेऊन घालतं. बबिताला वाटलं, अंगात असली वस्तू ठेवून वीणा कशी गळ्यात घ्यायची? कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला विचारलंही नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की ती रिंग काढायची, चुलीवरच्या कढत पाण्यात हळद टाकून धुवायची, रिकाम्या कुंकवाच्या डबीत ठेवायची. हरिपाठ झाला, दिवे लागले की पुन्हा घालायची. देवाचंही राखलं आणि मॅडमचंही राखलं, असं तिचं समाधान.

चौथ्या दिवशी दुपारी वीणा तिच्या गळ्यात होती. मी तिच्या शेजारीच टाळ घेऊन उभी. धावजी महाराज प्रवचनाला बसले होते. गळा असा गोड, की साधं बोलले तरी चाल लागल्यासारखं वाटायचं. ते म्हणाले, "एकानं मले इचारलं, महाराज, रातभर वीणा धरली, मंग घडीभर खुंटीले टांगली त काय बिघडते? मी म्हणलं, बापा, तू टांगली तवाच पहारा सुटला. नंतर पुन्हा गळ्यात घातली, चांगलं केलं. पन मधल्या वेळी मंडपात कोन होतं? कोनीच नोतं. चोराले तेवढाच टाइम पायजे."

माणसं हसली. माझ्या शेजारची तार मात्र थांबली.

मी वळून पाहिलं. बबिताचं बोट तारेवर होतं, पण वाजत नव्हतं. ओठ कोरडे पडलेले.

"काकी," ती पुटपुटली, "मी काढून ठेवून राह्यली होती."

"काय?"

तिनं दोन वाक्यांत सांगितलं. महाराजांनी तेवढ्यात अभंगाचा गजर धरला म्हणून कोणाच्या कानी गेलं नाही. "रोज दिवसभर डबीत. अन् बबलू घरी हायेत, काकी." तिचा हात पोटावर गेला, टाक्याच्या जागी. "मॅडम आज असतीन दवाखान्यात. बाजाराची जीप सुटते आता. पन मी हे कोठी ठेवू?"

हे म्हणजे वीणा. मला पोरीसोबत जायचं होतं, आणि पुढचा पहारा हंसाबाईचा. मी पदर खोचून स्वयंपाकाच्या चुलाण्याकडे धावले. हंसाबाई कोपरापर्यंत कणकेत.

"अवं, माहा पहारा तं अजून लांब हाये!"

"पोरीले बरं नाई. चाल लवकर."

"अशीच येऊ? आंघोळ करा लागते, लुगडं बदला लागते. सोनीबाई मले मंडपात पाय ठेवू देईन काय? आलीच बापा, आलीच." आणि ती घागर शोधू लागली.

मी परत आले तर वाटेवरून जीपचा हॉर्न ऐकू आला. फाट्यावर देवीलालची जीप बाजाराची माणसं भरत होती. तो तीनदा हॉर्न वाजवतो आणि निघतो. एक झाला होता.

आणि मंडपात सोनीबाई सुनेसमोर उभी होती.

"तार काहून बंद पडली?"

"पोट दुखते, याडी." आमच्यात आईला याडी म्हणतात, सासूलाही तेच.

"खोटं नको बोलू. वीणा हाये गळ्यात."

बबिता रडायला लागली. वीणा सावरत, हुंदके गिळत तिनं सासूला सगळं सांगितलं. रिंग, डबी, हळदीचं पाणी. "पुन्हा दिवस जाऊ नये म्हणून होती थे. मॅडमनं सांगतलं, टाका उसवते. तुमाले सांगा लागत होतं. भेव वाटलं."

दुसरा हॉर्न.

सोनीबाईचा चेहरा मी तीस वर्षं पाहत आले आहे, पण त्या वेळी काही म्हणजे काही कळेना. मला वाटलं, आता ही भर मंडपात हिची लाज काढते. चार बायका आमच्याकडे पाहू लागल्या होत्या.

"देवानं सांगतलं होतं काय तुले, काढून ठेव म्हणून?"

"नाई."

"मंग कोनं?"

"मनानंच."

"दे इकडं." सोनीबाईनं वीणेचा पट्टा सुनेच्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातला. मग रीत होती तशी ती वाकली आणि तिनं सुनेच्या पायावर डोकं ठेवलं. बबिता मागं सरकायला लागली तर म्हणाली, "हाल नको. वीणेची रीत हाये. आता पळ. जीप गेली त पायी जाय, पन जाय."

आम्ही दोघी उन्हात पळालो. डांबर चपलेला चिकटत होतं. तिसरा हॉर्न झाला तेव्हा मी लांबूनच लुगड्याचा पदर हवेत फिरवला.

"अवं मावशे," देवीलाल ओरडला, "कीर्तन सोडून बाजार? देव रागावते नं!"

"तू गाडी हाकल. देवाचं आमी पाहून घेऊ."

मधल्या सीटवर पाच जण होते, आम्ही सहावी-सातवी झालो. बबितानं माझ्या फोनवरून मॅडमला लावलं. जीपमध्ये सगळ्यांचे कान इकडे लागले. कोंबडी मांडीवर घेतलेली एक म्हातारी तर कानावरचा पदरच मागे करून बसली. बबितानं तोंड खिडकीबाहेर काढलं.

"हो मॅडम... हो, तीन दिवस... नाई, दिवसभर... कढत पाण्यानं... हो. आलते ते. काल पन."

पलीकडून काय बोलणं होत होतं ते मला ऐकू येत नव्हतं. बबिताच्या मानेवरची शीर तेवढी उडताना दिसत होती.

"थांबतीन त्या," फोन ठेवून ती म्हणाली. "यवतमाळले निघाल्या होत्या. म्हणे, जितकं लवकर येशीन तितकं बरं."

"कोन आजारी हाये वं?" म्हातारीनं विचारलंच.

"कोनीच नाई, आजी," मी म्हटलं. "म्हणूनच जाऊन राह्यलो."

दीपामॅडम पर्स खांद्याला लावून दारातच उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. आधी एक गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं, समोरच घ्यायला लावली. मग बसवून बोलल्या. "चुकून कधी बाहेर आली तर घाबरायचं नाही. थंड किंवा कोमट पाण्यानं धुवायची, कढत कधीच नाही, आणि लगेच परत घालायची. तीन तासांच्या वर बाहेर राहिली तर तिचा भरवसा धरायचा नाही. तुमची ती कढत पाण्यातली आता फेकून द्या, ही नवी घ्या. आत घातल्यावर सुद्धा पूर्ण आठवडाभर बबलूंना सांगा, निरोध वापरा, नाहीतर मंडपात झोपा."

बबिता त्या गडबडीतही हसली. मग हसू विरलं. "गोळीनं दिवस जानं नक्की थांबन काय?"

"बहुतेक थांबेल. खात्री देत नाही मी. पाळी वेळेवर आली नाही तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं."

बबिता पडद्यामागे गेली, नवी रिंग घालून आली. परतीच्या जीपमध्ये मी मनात नाम घेत होते आणि माझं लक्ष तिच्या पोटावरच्या हाताकडे जात होतं.

मंडपात पोचलो तेव्हा हरिपाठ सुरू व्हायचा होता. वीणा अजून सोनीबाईच्याच गळ्यात. हंसाबाई धुतलेलं लुगडं नेसून केव्हाची समोर बसलेली. मला पाहून म्हणाली, "माहा पहारा देऊनच नाई राह्यली. म्हणते, जिची घेतली तिलेच देईन."

सोनीबाईचे पाय सुजलेले दिसत होते. तार मात्र चुकत नव्हती. बबिता हातपाय धुऊन पुढे गेली.

"घेतली गोळी?"

"घेतली."

"मंग घे." सोनीबाई पट्टा गळ्यातून काढू लागली.

बबिता दोन पावलं मागं झाली. हळूच म्हणाली, "याडी, आता थे आत हाये."

"असू दे."

"पन वीणा..."

"अवं, माह्या केसरले अशी कोनी दिली असती, त मी तिले रोज वीणा धरायले लावली असती." केसर ही सोनीबाईची एकुलती लेक. तांड्यावर तिचं नाव कोणी काढत नसे. दोन सिझरवर लगेच तिसरं राहिलं, आणि दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेली. त्या दिवसांत फाट्याला जीप नव्हती, आणि तिला कोणी काही सांगितलंही नव्हतं. सोनीबाईनं पट्टा पुढं धरला. "तिच्या अंगात काईच नोतं. सोवळीच होती. घे, बबिता."

बबितानं वीणा गळ्यात घेतली. दोघी एकमेकींच्या पाया पडल्या. धावजी महाराजांनी चिपळ्या उचलल्या, आणि हरिपाठाचा पहिला आवाज बबितानं लावला. बसला होता पोरीचा आवाज, पण सुरात होता.

ठरलेल्या आठवड्याला रिंग काढायचा दिवस आला. आला आणि गेला, पाळी अजून यायची होती. रोज सकाळी सोनीबाई नुसती सुनेच्या तोंडाकडे पाहायची आणि चूल फुंकायची. मी अंगण झाडता झाडता कुंपणावरून पाहायचे. एका सकाळी बबिता मोरीतून बाहेर आली, तिनं होकाराची मान डोलावली, पाळी आली होती. सोनीबाईनं फुंकणी खाली ठेवली, देव्हाऱ्यापाशी गेली आणि तिथंच बसून पोटभर रडली. नवी रिंग घालायच्या दिवशी सुनेला तिनंच आठवण करून दिली, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

तर माझं एक ऐका. आता पहाऱ्याला तुम्ही उभे राहाल, वीणा गळ्यात घ्याल. पहिली तार छेडाल तेव्हा सोनीबाईची लेक केसर, तिला एकदा आठवा. तुमच्यातल्या कोणी तिला पाहिलेलं नाही. तरी आठवा.