लखलखीत काडतुसं

गोव्याच्या मुक्तीसाठी हद्दीपलीकडे निघालेल्या लवूला त्याचा मामा तातू काडतुसं निवडून देत होता. पिस्तूल अस्सल विलायती, आपोआप पुढची गोळी चढवणारं. त्याला भलतंसलतं चालत नाही, हे पलटणीत हवालदारकी केलेल्या तातूला पक्कं ठाऊक. लवूच्या आईने, शेवंताने, पावसाळाभर घरात सांभाळलेली काडतुसं त्याने एकेक न्याहाळली. काळवंडलेली बाजूला सारली आणि लखलखीत आठ भरून दिली.

पाचव्या दिवशी लवूचा सोबती एकटाच परतला. पोर्तुगीज शिपाई समोर आला, तेव्हा पिस्तूल दोनदा नुसतं खटखटलं, म्हणाला.

बारावं उरकल्यावर शेवंताने उरलेली काळी काडतुसं भावापुढे ठेवली.

"दादा, ही बरणीत मावाक नाय, म्हणान अशी झाली. बाकीची मियां कोयत्यासारखी खोबरेलात बुडवन ठेवलेलंय."

तेलाने काडतूस मरतं, हे पलटणीतल्या रंगरुटांना तातूच शिकवायचा. निवडताना त्याला स्वतःला नुसता वास घ्यायचंही सुचलं नव्हतं.

"लखलखीत रवली होती मा?" तिने विचारलं.

"होय गो," तातू म्हणाला. "म्हणान तर तीच दिलंय."