वास जाणवला नाही

नूरबानोच्या पत्राला मी सहा वर्षं उत्तर दिलं नाही. वहीच्या पानावर लिहिलेलं ते पत्र मी एका कादंबरीत ठेवलं आणि मग ती कादंबरीही उघडायची टाळली.

तेव्हा मी नाशिकच्या एका कचरा डेपोवर कारकून होतो. वासाची तक्रार आली की तक्रारदाराच्या घरी दहा मिनिटं बसायचं आणि शेरा लिहायचा, हे माझ्याकडे होतं. नूरबानोचं घर डेपोच्या भिंतीला लागून. ढिगातला गॅस घरात शिरतो, सहा वर्षांच्या खुशनुमाला दम लागतो, अशी तिची तक्रार.

"बसा साहेब," तिचा नवरा खाजा म्हणाला. "आमचे पाहुणे दारातूनच पळतात. तुम्ही पहिलेच टिकले."

"साहेबांचं नाक लांब आहे," नूरबानो आतून म्हणाली. "त्यांना बरोबर कळेल."

खुशनुमा वाफेच्या मशीनचा मास्क लावून माझ्याकडे बघत होती. मी चहा प्यालो, छान झालाय म्हणालो आणि लिहिलं : वास जाणवला नाही.

मला खरंच जाणवला नव्हता.

आठ दिवसांनी पत्र आलं. "साहेब, त्या दिवशी दूध करपलं होतं. खाजाने चहा मोरीत ओतला. तुम्ही छान म्हणालात. तुमचं नाक गेलंय. तेवढं लिहून द्या."

डेपोवर अकरा वर्षं झाली होती. नाक कधी गेलं, मलाच कळलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि आधीच्या सगळ्या शेऱ्यांचं काय, असं कुणी विचारलं असतं तर? मी पत्राची घडी करून कादंबरीत सरकवली.

परवा औषधाच्या दुकानात खाजा दिसला. मी नजर चुकवली. त्यानेच हाक मारली.

"खुशनुमाला येवल्याला फुफूकडे, माझ्या बहिणीकडे ठेवलंय, साहेब. तिथे मशीन लागत नाय. तिची अम्मी फोन ठेवला की रडते."

"आणि तक्रार?"

"करतो ना दरसाल. तुमचाच कागद जोडून परत येते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन नूरबानोला उत्तर लिहायला बसलो, चार मसुदे फाडले. आता याचा काही उपयोग होईल असं वाटत नाही. शेवटी दोनच ओळी उरल्या : मला वास येत नाही. तेव्हाही येत नव्हता. खाली नाव, जुना हुद्दा, सही.

पोस्टात खिडकीमागच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला होता. "डेपोवरचा वारा इकडे आहे आज. केवढी घाण येतेय ना, काका?"

एरवी मी मान डोलावतो.

"मला येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाकिटावर शिक्का मारला.